प्रगतीचा वेळ कुठून काढायचा?

महोदय,

‘पहाटे पाचला उठा’ असे सांगणारे रात्री कधी झोपायचे ते क्वचितच सांगतात. प्रौढांना किमान ७ तास झोप लागते. अकराला झोपणारा माणूस पाचला उठू लागला की आठवड्याला ७ तास, म्हणजे अख्ख्या एका रात्रीची झोप गमावतो. शिवाय स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात जास्त असते, आणि कात्री नेमकी तिलाच लागते. मग वाचलेले लक्षात राहत नाही आणि दोष मात्र इच्छाशक्तीला दिला जातो. हा अन्याय आहे.

व्यायामाचेही तसेच. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना महिने लागतात. दम टिकतो म्हणून धावण्याचे अंतर एकदम वाढवले की टाच किंवा गुडघा धरतो. रोजच्या १०,००० पावलांचा आकडा तर १९६५ मधल्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावामुळे रूढ झाला. तो वैद्यकीय मर्यादा म्हणून ठरलेला नव्हता.

स्वतःला घडवणे मोलाचेच आहे. पण नव्या सवयीचा वेळ कशातून काढणार, हे आधी कागदावर लिहावे. उत्तर झोप किंवा घरच्यांशी बोलणे असे आले, तर दुसरे एखादे काम सोडावे. एका वेळी एकच बदल करावा, तोही निदान दोन महिने; चार एकदम केले तर उपयोग कशाचा झाला ते कळतच नाही. आणि मोबाइलवरची सलग दिवसांची मोजणी बंद ठेवावी. ती तुटू नये म्हणून माणसे अंगात ताप असतानाही धावतात.

– एक वाचक