स्ट्रेचर आहे, चाक फिरत नाही

संपादक महोदय,
गेल्या आठवड्यात पहाटे सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. 108 लवकर आली, रामबागेतून लगेच निघालो. पण इथल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात स्ट्रेचरचं पुढचं चाक जाम. मुलाने आणि मी ते फरफटत आत नेलं. मग पर्चीची रांग. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आमचा पाऊण तास खिडकीपाशीच गेला. ड्युटीवरची तरुण डॉक्टर एकटी सहा खाटा सांभाळत होती, तिला काय बोलणार? धार, झाबुआ, खरगोनचे रुग्णही इंदूरलाच येतात. अत्यवस्थ माणसाला आधी आत घ्या, पर्ची मागाहून होईल. आणि हो, त्या चाकाला तेल घाला.
— एक वाचक, रामबाग, इंदूर