गाठ फॉर्मलिनमध्ये ठेवली का, ते कोण विचारणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला बायोमार्करचा, म्हणजे गाठीच्या पेशींवर तपासायच्या खुणांचा, लेख वाचला. त्यातलं काही चुकीचं नाहीये, स्तनाच्या कॅन्सरची स्टेज आता नुसती गाठ केवढी आणि काखेत पसरलाय का यावर ठरत नाही, २०१८ पासून ग्रेड (पेशी किती बिघडल्यात ते), ईआर, पीआर (पेशीवरचे हॉर्मोनचे रिसेप्टर), हर-टू (पेशी वाढवणारं प्रथिन) पण धरतात, आणि तेवढ्याच मापाची गाठ ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेली, निघाली तर स्टेज वर जाते. सगळं मान्य. पण हे मार्कर ज्या तुकड्यावर बघायचे तो तुकडा लॅबपर्यंत कसा पोचतो यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही, याचा मला राग आलाय.

माझ्या मोठ्या जाऊबाईंची गाठ तालुक्याच्या गावी काढली. शनिवारी दुपारी ऑपरेशन, आणि गाठ सलाइन भरलेल्या प्लास्टिकच्या बरणीत घालून दिरांच्या हातात दिली, की सोमवारी लॅब उघडली की नेऊन द्या. बरणीला चिकटपट्टी, त्यावर पेनाने लिहिलेलं नाव, तेही ओल लागून फिसकटलेलं. रिपोर्ट आला ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू टू प्लस, म्हणजे अधांतरी, हर-टूचं जनुक वाढलंय का ते बघणारी फिश टेस्ट करा. पुण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिलं विचारलं, गाठ कशात ठेवली होती? नशीब की आधी सुईने घेतलेल्या तुकड्याचा ब्लॉक (मेणात जतन केलेला तुकडा) दुसऱ्या लॅबमध्ये होता, तेव्हा फक्त कॅन्सर आहे का एवढंच बघितलेलं. त्याच्यावर मार्कर केले तर ईआर चक्क पॉझिटिव्ह! म्हणजे पहिल्या रिपोर्टवर गेलो असतो तर जिला वर्षानुवर्षं हॉर्मोन रोखणारी गोळी द्यायची तिला ती मिळालीच नसती, आणि घरातल्या कुणाला कधी कळलंही नसतं.

सलाइनमध्ये पेशी खराब होतात आणि मार्कर खोटे निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणून गाठ काढल्यावर तासाभरात दहा टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या रसायनात) गेली पाहिजे, मोठी असेल तर काप देऊन, म्हणजे ते आतपर्यंत मुरतं, आणि त्यात सहा ते बहात्तर तास राहिली पाहिजे. फॉर्मलिन काही महाग नाही हो. ते नसेल तिथे कॅन्सरच्या संशयाची गाठ काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि बरणीवर काढल्याची वेळ लिहिणं सक्तीचं करा.

आणि त्याच पानावर खाली तुम्ही फुल बॉडी चेकअपची जाहिरात छापलीय, 'कॅन्सर मार्कर'सकट. त्यातलं सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात ते मार्कर, पाळीच्या दिवसांत वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढतं त्या आजारात) वाढतं, काही त्रास नसलेल्या बाईने ते उगाच करून घ्यायची टेस्ट नाही. आमच्या शेजारची पोरगी असा रिपोर्ट हातात घेऊन रात्रभर रडत होती. वर लेख आणि खाली ही जाहिरात, बायकांनी कशावर विश्वास ठेवायचा? जाहिरात बंद करणार नसाल तर निदान एवढं तरी तिच्या शेजारी छापा.

एक वाचक, कराड