चिलटांसाठी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,
सा. न.

तुमच्या निरोपाच्या दिवशी मी बोलायला उभी राहिले आणि दोन वाक्यांत खाली बसले. राहिलेलं आज लिहितेय. सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय, कारण सहा वर्षं प्रयोगशाळेतल्या माझ्या चिलटांना, म्हणजे फळांवर घोंगावणाऱ्या त्या बारीक माश्यांना, तुम्ही जेवू घातलंत हे माझ्या एकाही आलेखात दिसत नाही.

मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अन्न घट्ट करणारं अगर. भलंमोठं पातेलं गुठळी न होऊ देता ढवळायचं, जरा निवलं की बुरशीला अटकाव करणारं ॲसिड घालायचं आणि शेकडो कुप्या भरायच्या. ॲसिड उकळत्यात घातलं तर उडून जातं, उशीर केला तर अन्न थिजतं. मधली ती वेळ तुम्ही पातेल्याला हात लावून ओळखायचात.

एकदा तुम्ही विचारलं होतंत, "एवढ्याशा जिवाला नाक कुठलं?" मी "मिशांवर" म्हणाले आणि घाईत निघून गेले. नीट उत्तर द्यायचं राहिलं.

चिलटाच्या प्रत्येक मिशीच्या तिसऱ्या पेरावर बारीक केस असतात. ते आतून पोकळ असतात आणि त्यांत चेतापेशींची टोकं असतात. एका मिशीत अशा साधारण १२०० पेशी. बहुतेक पेशींत वास पकडणारं एकेकच प्रथिन असतं, म्हणून प्रत्येक पेशीचे वास ठरलेले. ही प्रथिनं बनवणारी साधारण ६० जनुकं आहेत. त्यांतली पहिली १९९९ मध्ये सापडली. पण या प्रथिनांना ऑर्को नावाचा जोडीदार लागतो. तो नसेल तर ती केसातल्या टोकापर्यंत पोचतच नाहीत. माझ्या निळ्या चिठ्ठीच्या कुप्या आठवतात? पिकलेलं केळं शेजारी ठेवलं तरी आतली चिलटं भलतीकडेच फिरायची. त्यांच्यात ऑर्कोचं जनुक बिघडलेलं होतं. आंबट वास ओळखणारी प्रथिनं निराळ्या घराण्यातली, त्यामुळे तेवढे वास मात्र त्यांनाही कळायचे.

या अभ्यासाची एक सुरुवात आपल्या मुंबईतली आहे, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास न ओळखणारी चिलटं वेगळी काढली. रॉड्रिग्ज मूळच्या गोव्याच्या घरातल्या, जन्म केनियातला. इंग्रजी वायसारख्या नळीत चिलटं सोडायची, एका फाट्यात वास ठेवायचा आणि कोण चुकतं ते बघायचं. त्यांचा निबंध १९७८ चा, म्हणजे ती जनुकं हाती लागायच्या वीसेक वर्षं आधीचा. तो वाचताना आता मला आधी आठवतं की त्यांच्याही कुप्या कोणीतरी भरल्या असतील.

आणि आता तो जुलै. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. माझा सगळ्यात मोठा प्रयोग दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता आणि तीनशे कुप्या तयार होत्या, दिसायला अगदी स्वच्छ. तुम्ही एक उचललीत, नाकाशी नेलीत आणि म्हणालात, "याला ओल्या मातीचा वास येतोय. बुरशी धरतेय. माश्या टाकू नका." मला काहीच वास आला नव्हता. तुम्ही सगळं फेकून दिलंत, संध्याकाळची बस सोडलीत आणि रात्री साडेनऊपर्यंत नवं अन्न शिजवलंत. दोन दिवसांनी कोपऱ्यात राहून गेलेल्या एका कुपीवर हिरवट बुरशी दिसली.

मातीच्या त्या वासाला जिओस्मिन म्हणतात. पहिल्या पावसात आपण छाती भरून घेतो, तोच. काही बुरशी आणि जिवाणू तो तयार करतात. चिलटाच्या मिशीत एक प्रथिन निव्वळ या एका वासासाठी राखलेलं आहे, आणि तो आला की चिलट तिथे खात नाही, अंडी घालत नाही. त्या कुप्या वापरल्या असत्या तर माझ्या चिलटांनी अंडी घालायचं टाळलं असतं आणि मी त्याचं खापर त्यांच्या जनुकांवर फोडलं असतं. कदाचित तसं छापूनही टाकलं असतं. मावशी, तो प्रयोग खरा निघाला तो तुमच्या नाकामुळे.

प्रबंध मंजूर झाला. आभाराच्या पानावर पहिलं नाव तुमचं आहे, मार्गदर्शकांच्याही आधी. त्यांनीच तसं सुचवलं. छापलेली प्रत घेऊन या रविवारी सकाळच्या एसटीने तुमच्या गावी येतेय. ते पान तुम्हाला वाचून दाखवायचंय.

तुमची,
निळ्या चिठ्ठीवाली