माटोळीच्या गोष्टीबद्दल

रायबंदर

प्रिय आई, बाबा,

फोनवर बोलायला गेले की मी भलतंच काहीतरी बोलून जाते म्हणून लिहितेय. घरात आपली कोंकणीच चालते, पण पत्राला बसलं की हात मराठीकडेच जातो, ही सवय तुम्हीच लावलेली.

बाबा, दिवाळी अंकातली माझी गोष्ट वाचून तुम्ही एवढंच विचारलंत, "तो म्हातारो हांव काय गो?" मी पटकन नाही म्हटलं आणि तुम्ही फोन आईकडे दिलात. त्या दिवसापासून ते डोक्यातून जातच नाहीये. नाही म्हटलं ते खोटं होतं.

गेल्या वर्षीच्या गणेश चवथीला तुम्ही गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती रानफळांची माटोळी बांधत होतात, कांगणांचे घोस झाले, कवंडळं झाली, घागऱ्या झाल्या, आणि मधलं ते जड तोरंजनाचं फळ बांधताना केवणीचा दोर तुमच्या हातातून तीनदा सुटला. उजवा हात थरथरत होता. मी खाली स्टूल धरून उभी होते आणि मला एक शब्द बोलता आला नाही. आईने वर न बघताच म्हटलं, "चा थंड जाता," तुम्ही उतरलात, चहा प्यायलात, परत चढलात आणि गाठ मारलीत. बस एवढंच घडलं. गोष्टीत मुलगा रात्री उठून बापाच्या सैल गाठी गुपचूप घट्ट करतो, ते मी रचलेलं आहे. तसं कोणीतरी करावं असं मला वाटत होतं, आणि मी केलं नव्हतं, म्हणून ते कागदावर आलं. हात तुमचा आहे बाबा, बाकीचा माणूस तुम्ही नाही. पण आधी विचारायला हवं होतं. ते चुकलं माझं.

आई, तू विचारतेस ना, तुला सुचतं कुठून. तुझ्याकडूनच गं. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातून आलीस की मासे साफ करता करता तू कोण काय बोललं ते त्यांच्या-त्यांच्या आवाजात सांगायचीस, आणि भाव किती ते सगळ्यात शेवटी, आधी ती बाई कशी बसली होती, सुटे पैसे कुठून काढले, कोणाला बघून पदर सारखा केला. मी अजून तसंच बघते. जूनमध्ये चोडणच्या फेरीबोटीवर धो-धो पाऊस, एक माणूस हँगरला लावलेला काळा सूट स्वतःच्या रेनकोटच्या आत धरून उभा, सूट कोरडा आणि तो डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. लग्न कोणाचं, तो कोण, काही विचारलं नाही. मोबाईलमध्ये दोन ओळी टाईप करून ठेवल्या, तीन महिने तशाच पडून होत्या, आणि एक दिवस भांडी घासताना कळलं की सूट त्याचा नाहीच, त्याच्या भावाचा आहे आणि दोघं बोलत नाहीत. मग लिहायला बसले. विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती, असं मला वाटतं.

आता मात्र एक गोष्ट विचारूनच लिहिणार आहे. ओपिनियन पोलच्या वेळची, गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यावर मत घेतलं तेव्हाची. तुम्ही लहानपणापासून सांगत आलात, आजोबा फुलाचे, म्हणजे महाराष्ट्रात जायच्या बाजूचे, आणि शेजारचे काका दोन पानांचे, म्हणजे वेगळं राहायच्या बाजूचे, कुंपणावरून बोलणं बंद झालेलं. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत दोन शनिवार बसून वाचलं. १६ जानेवारी १९६७ ला मतदान, दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०, म्हणजे ३४,०२१ चा फरक. वहीत सगळं उतरवून घेतलं तरी गोष्टीचं एक वाक्य पुढे जाईना, कारण मला पाहिजे ते कुठल्याच कागदावर नाहीये.

आपल्या माटोळीला तोरंजन दरवर्षी त्या शेजारच्या काकांच्याच झाडाचं यायचं ना? मग त्या वर्षीच्या चवथीला आलं का? कोणी आणून दिलं, मोठ्या माणसाने की पोराच्या हाती पाठवलं? आणि आजोबांनी ते बांधलं, की मधली जागा रिकामी ठेवली? तुम्ही तेव्हा पंधरा-सोळाचे, स्टूल बहुतेक तुम्हीच धरलं असणार.

लिहू नको म्हणालात तर नाही लिहिणार, मनापासून सांगते. पण मला सांगा तरी. नाताळच्या सुट्टीत चार दिवस येतेय, तेव्हा सावकाश सांगा, आईलाही तिथे बसवा, कारण तुम्ही विसरता ते तिला बरोबर आठवतं.

गोळ्या वेळेवर घ्या दोघंही.

तुमची,
बाय