आधी नळी उघड, मग पेन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचले. बोटीवरची सगळी वर्षे आता लिहून काढायची म्हणतोस, हे वाचून फार आनंद झाला. कोकणातल्या गावोगावची माणसे जहाजांवर गेली, पण लिहून ठेवणारे फार थोडे. म्हणूनच एक कळकळीची विनंती: नुसते आठवेल तसे लिहायला बसू नकोस. समुद्रावरच्या आठवणी सरकतात, आणि त्या कुठे सरकतात हे बहुतेक ठरलेले असते.

सुरुवात नळीपासून कर. (सीडीसीला, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीला, जुने खलाशी नळी म्हणत, तू पण तोच शब्द लिही.) तिच्यात प्रत्येक जहाजाचे नाव, हुद्दा, साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या (कामावर चढल्या-उतरल्याच्या) तारखा, बंदरे, कप्तानाची सही असे सगळे आहे. एक लांब वही घे. डाव्या पानावर एवढेच उतरव, उजवे आठवणींसाठी कोरे ठेव. एका जहाजाला एक जोडपान. मग पासपोर्टवरचे शिक्के, घरी पाठवलेली पत्रे, फोटोंच्या पाठी बघून डावे पान भरत जा. दोन जहाजांमधली सुटीसुद्धा तारखेने लिही. ती सुटली की दोन वेगळ्या जहाजांवरची वादळे एकच होऊन बसतात.

जहाज विकले की नाव बदलते. त्याचा पुढचा प्रवास शोधायचा तर आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक लागतो. तो सात आकडी असतो आणि भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. पण ही पद्धत १९८७ची, सक्तीची झाली १९९६मध्ये. त्याआधीच्या जहाजांना ऑफिशियल नंबर (त्या देशाच्या नोंदणीतला) आणि नोंदणीचे बंदर धर. ‘दहा हजार टनी जहाज’ असे मोघम लिहू नकोस. ग्रॉस टन हे जागेचे माप आहे, जुन्या हिशेबात १०० घनफुटांचा एक टन, आणि डेडवेट हे जहाज वाहू शकते ते वजन. एकाच जहाजाचे हे दोन आकडे खूप वेगळे निघतात.

आता मार्ग. सुएझ कालवा जून १९६७ ते जून १९७५ बंद होता. त्या आठ वर्षांत मुंबईहून लंडनला जाणारे जहाज आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाई, म्हणजे सुमारे साडेचार हजार सागरी मैल जास्त. पंधरा नॉटचे (तासाला पंधरा सागरी मैलांचे) जहाज दिवसाला ३६० मैल कापते, तेव्हा साडेबारा दिवस वाढले. नळीतली तारीख त्या काळातली असेल आणि डोळ्यांसमोर सुएझच्या तोंडावरच्या पोर्ट सैदचे होडीवाले येत असतील, तर बहुधा दोन फेऱ्या मिसळल्या आहेत.

पनामात उलटे होते. तिथे आठवण खरी असते आणि आपणच ती खोटी ठरवतो. अटलांटिककडच्या गातूनला लॉकच्या (पाणी भरून जहाज उचलणाऱ्या हौदांच्या) तीन पायऱ्या चढून जहाज २६ मीटर वर तळ्यात जाते, मग पेद्रो मिगेलची एक आणि मिराफ्लोरेसच्या दोन पायऱ्या उतरून पॅसिफिकला लागते. पण हा कालवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो, म्हणजे पॅसिफिकचे तोंड अटलांटिकच्या तोंडापेक्षा पूर्वेला. त्यामुळे पॅसिफिकच्या पाण्यावर सूर्य उगवताना पाहिल्याचे आठवत असेल, तर ते खोडू नकोस.

तारीखरेषाही ध्यानात घे. जपानहून अमेरिकेला जाताना एक वार दोनदा येतो, परतताना एक वार गळतो.

सगळ्यात जास्त फुगते ती लाट. जहाज कललेले असताना समोरचे पाणी डोंगराएवढे भासते, त्या क्षणाच्या अंदाजावर भरवसा नको. जहाज दोन लाटांच्या मधल्या घळीत सरळ उभे असताना पुढच्या लाटेचा माथा नेमका क्षितिजाला टेकला, तर तिची उंची पाणरेषेपासून तुझ्या डोळ्यांच्या उंचीएवढी. हे आजही वापरता येते. समज, मेन डेकवर डोळे पाण्यापासून सात मीटरवर होते आणि ब्रिजवर (जहाज हाकायच्या वरच्या खोलीत) अठरा. डेकवरून क्षितिज झाकले जात होते, ब्रिजवरून कधीच नाही, एवढे पक्के आठवत असेल तर लाट या दोन आकड्यांच्या मधली. वाऱ्याचा जोर ब्युफोर्टच्या मोजपट्टीने लिही: आठ म्हणजे ३४ ते ४० नॉट. आणि वाऱ्याला नाव तो येतो त्या दिशेचे, प्रवाहाला तो जातो त्या दिशेचे. लिहिताना हे हमखास उलटते.

भेटलेल्या माणसांसाठी वॉच (पहाऱ्याची पाळी) आठव. चार-ते-आठवाल्याला पहाट आणि संध्याकाळ दोन्ही मिळतात, बारा-ते-चारवाल्याला भर दुपार आणि मध्यरात्र. एखाद्या सुकाण्याचे बोलणे चांदण्यातले असेल तर वॉचवरून जहाज सापडते, जहाजावरून साल. सारंग, तांडेल, कसाब, भंडारी, आगवाला, तेलवाला, बडा मालम हे हुद्द्यांचे शब्द जसेच्या तसे ठेव, आणि ‘आरिया’ (खाली सोड) ही हाळीसुद्धा. ते लिहिले नाहीत तर आपल्या नातवंडांच्या कानावर कधी पडणार नाहीत. बंदरावरच्या ज्या हमालाशी तुझी वीस शब्दांची ओळख होती, त्याच्या तोंडी लांबलचक वाक्ये घालू नकोस. त्याने काय दिले, तू काय दिलेस, हाताने काय खुणावले, तेवढे पुरे. हयात माणसांना विचारल्याशिवाय त्यांची खरी नावे छापू नकोस. बंदराचे नाव मात्र त्या दिवशी जे होते तेच: १९७६च्या आधी मोझांबिकमध्ये मापुतो नव्हते, लॉरेन्सो मार्क्स होते.

फोटोंच्या पाठीवर लिहायला मऊ शिसपेन्सिल घे आणि अगदी कडेला लिही. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नकोस, आधी पानासकटच स्कॅन कर. हे काम पावसाळ्यात नको, दमट हवेत फोटो एकमेकांना चिकटतात आणि बुरशी धरतात. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

पहिल्या जहाजाचे डावे पान पुरे झाले की त्याचा फोटो पाठव. मी तारखा ताडून बघतो. उजव्या पानाची घाई करू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझाच