मंगळाच्या अंतराशेजारी तारीख छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळावरच्या एखाद्या मोहिमेची बातमी आली की तिच्यात अंतराचे वाक्य हमखास असते. कुठे मंगळ साडेपाच कोटी किलोमीटरवर, कुठे साडेबावीस कोटींवर, तर कुठे चाळीस कोटींवर. आकडे खोटे नसतात, पण ते कोणत्या दिवसाचे हे कोणी लिहीत नाही, आणि तारखेशिवाय या आकड्याला काही अर्थच उरत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ ५.५८ कोटी किलोमीटरवर होता. १२ जानेवारी २०२५ रोजी, त्या फेरीत सर्वांत जवळ आला तेव्हा, ९.६ कोटींवर. वर्षभरातच, जानेवारी २०२६ मध्ये तो सूर्यापलीकडे गेला आणि हेच अंतर सुमारे ३६ कोटी झाले.

मी दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात आणि सूर्याजवळ असताना वेगाने जातात, हे सांगणारे केप्लरचे नियम विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात येतात. ते शिकवताना मी मुलांना हे अंतर स्वतः काढायला लावते. त्यासाठी कार्डशीट, टाचणी, दोरा, पट्टी आणि कोनमापक एवढेच लागते. सूर्याच्या जागी टाचणी. एक सेंटिमीटर म्हणजे दीड कोटी किलोमीटर धरले की पृथ्वीची कक्षा १० सेंटिमीटर त्रिज्येची आणि मंगळाची १५.२. कंपासपेटीतले कर्कटक एवढे उघडत नाही, म्हणून दोरा.

तारीख घेतो २४ सप्टेंबर २०१४, मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले तो दिवस. त्याआधी ८ एप्रिलला सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका रेषेत होते. पृथ्वी रोज ०.९८६ अंश पुढे जाते, मंगळ ०.५२४ अंश. म्हणजे पृथ्वी मंगळाच्या रोज ०.४६२ अंशाने पुढे सरकते आणि १६९ दिवसांत दोघांमध्ये ७८ अंशांचा कोन पडतो. तो कोन काढायचा, दोन्ही ग्रहांचे ठिपके द्यायचे आणि मधले अंतर पट्टीने मोजायचे. १६.४ सेंटिमीटर भरते, म्हणजे साडेचोवीस कोटींच्या आसपास.

प्रत्यक्षात त्या दिवशी अंतर होते २२.४ कोटी. वरचे दोन कोटी कुठून आले, हे शोधण्यासारखे आहे. मंगळाची कक्षा वर्तुळ नाही, ती लंबवर्तुळ आहे. तो सूर्यापासून कधी २०.७ कोटींवर असतो, कधी २४.९ कोटींवर. त्या सप्टेंबरात तो सूर्याकडे येत होता, त्यामुळे सरासरीपेक्षा जवळ होता. पृथ्वीची कक्षाही किंचित लंबवर्तुळ आहे; जुलैच्या आसपास ती सूर्यापासून दूर असते आणि म्हणून सरासरीपेक्षा हळू जाते, त्यामुळे कोन कमी पडला. आमच्या मापाने १५.२ ऐवजी १४.२ सेंटिमीटरवर, आणि कोन ७८ ऐवजी ७४ अंश. ठिपका तिथे हलवून पुन्हा पट्टी लावली की १५ सेंटिमीटर येतात, साडेबावीस कोटी! पुस्तकातला केप्लर मुलांना या क्षणी खरा वाटू लागतो. प्रकाशाच्या वेगाने भागले की साडेबारा मिनिटे. यान कक्षेत शिरताना त्याचा संदेश पोहोचायला तेवढाच वेळ लागत होता.

मुले मग विचारतात, ‘बाई, यान तर ६६ कोटी किलोमीटर गेलं म्हणतात, ते कसं?’ ती यानाच्या वळणावळणाच्या वाटेची लांबी आहे, दोन ग्रहांमधले अंतर नव्हे. ते ४० कोटींच्या फारसे पुढे कधी जातच नाही. बातमीत हे दोन आकडे वेगवेगळे सांगितलेच पाहिजेत. ऑगस्टात फिरणारा ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोपही याच गणिताने निकालात निघतो. मंगळाचा व्यास चंद्राच्या जवळपास दुप्पट. तो चंद्राएवढा दिसायला साडेसात लाख किलोमीटरवर यावा लागेल. २००३ मध्येही तो याच्या चौऱ्याहत्तर पट लांब होता.

आमच्या चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्या परंपरेत पृथ्वी केंद्रस्थानी होती, तरीही भुज आणि कोटी (काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू) यांवरून ग्रहाचा कर्ण, म्हणजे त्याचे पृथ्वीपासूनचे अंतर, काढले जाई. त्या मुलखात शिकणाऱ्या मुलांना हा आकडा कुठून तरी उचललेला मिळावा, याचे मला फार वाईट वाटते.

आपण रोज सूर्योदय, सूर्यास्त, तिथी आणि नक्षत्र छापता. त्याच चौकटीत ‘आज मंगळ इतके कोटी किलोमीटर’ अशी एक ओळ घालावी, ही विनंती. निदान मोहिमेच्या बातमीत तरी अंतराशेजारी तारीख असावी. १९ फेब्रुवारी २०२७ रोजी मंगळ पुन्हा आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येईल, तेव्हा अंतर १०.१ कोटींच्या घरात असेल. तोपर्यंतचे दर महिन्याचे आकडे आकृत्यांसह काढून पाठवायला आमचा वर्ग तयार आहे.

आपली,
एक शिक्षिका, चाळीसगाव (जि. जळगाव)