मुलांच्या कुमिते वर्गासाठी मॅट आणि गार्ड हवेत : रहिवाशांना आवाहन

विभागातील सर्व रहिवासी बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

आपल्या व्यायामशाळेत रोज संध्याकाळी कराटेचा वर्ग भरतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. लालबाग-परळच्या चाळींतली आणि आता टॉवरमध्ये राहायला गेलेली, अशी मिळून ४६ मुलं-मुली तिथे येतात. जुलैपासून मात्र या वर्गातला एक भाग आम्ही बंद ठेवला आहे. तो म्हणजे कुमिते, समोरासमोर जोडी लावून करायचा सराव. मुलं त्याला सरळ 'फाइट' म्हणतात. तो पुन्हा सुरू करायचा आहे आणि त्यासाठी आपल्यापुढे हात पसरतो आहोत.

बंद का केला ते आधी सांगायला हवं. पावसाळ्यात आपल्या हॉलच्या लादीला ओल येते. त्या दिवशी ती दोनदा पुसून घेतली होती. तरी मागे सरकताना दहा वर्षांच्या एका मुलाचा पाय घसरला, तो हातावर पडला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. चूक आमची होती. लादीवर जोड्या लावायलाच नको होत्या. त्याच्या आई-वडिलांनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. प्लॅस्टर निघालं त्याच संध्याकाळी मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "सर, फाइट कधी चालू होणार?" अजून आम्ही त्याला तारीख देऊ शकलेलो नाही.

"कराटे तर चालूच आहे, मग ही मारामारी हवीच कशाला?" असं बरेच पालक विचारतात. विचारणं रास्तच आहे. काता करताना मूल ठरलेल्या क्रमाने हात-पाय चालवतं. त्याने शरीर घडतं, तोल येतो, लक्ष एका जागी राहायला शिकतं. पण कातामध्ये समोर कुणी नसतं. समोर आपल्याच वयाचं, आपल्याइतकंच घाबरलेलं दुसरं मूल उभं राहिलं की सगळं बदलतं. पाठ केलेलं काहीच आठवत नाही. श्वास छातीत अडकतो, खांदे कानाला लागतात. त्या अवस्थेत डोकं शांत ठेवायचं, हे एकट्याने हवेत पंच मारून येत नाही.

तिसरीतला एक मुलगा आमच्याकडे आला तेव्हा समोरून पंच येताना दिसला की डोळे घट्ट मिटून घ्यायचा. सरांनी महिनाभर त्याला मारायला सांगितलंच नाही. जोडीदाराने सावकाश पंच टाकायचा, याने डोळे उघडे ठेवायचे आणि अर्धं पाऊल मागे सरायचं, एवढंच. पहिले आठ-दहा दिवस पापण्या मिटतच होत्या. मग एका संध्याकाळी त्या मिटल्या नाहीत. पंच नाकापासून चार बोटांवर येऊन थांबला आणि पोरगं त्या मुठीकडे टक लावून बघत राहिलं, जणू मूठ पहिल्यांदाच पाहत होतं. सर म्हणाले, "दिसला ना? दिसला की चुकवता येतो." आता बाईंनी वर्गात उभं केलं तर तो उत्तर देतो, असं त्याची आई सांगते. हे सगळं कुमितेमुळेच झालं असा दावा आम्ही करत नाही. पण त्या अर्ध्या पावलाचा त्यात वाटा आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

भित्र्या मुलांइतकीच याची गरज हात सुटणाऱ्या मुलांना असते. बारा वर्षांची एक मुलगी रागाची इतकी कडक होती की तिच्या तक्रारी मजल्यामजल्यावरून यायच्या. आमच्या वर्गात जोरात मारणाऱ्याला गुण मिळत नाही, ताकीद मिळते. चेहऱ्याला स्पर्श अजिबात नाही. अंगावरचा पंच छातीच्या गार्डला टेकला की तिथेच थांबवायचा. आणि 'यामे' म्हटलं, म्हणजे 'थांबा', की हात जिथे असेल तिथे थांबला पाहिजे, मग तुम्ही हरत असा की जिंकत. सगळ्यात अवघड धडा हाच. तिला तो शिकायला पावसाळा ते दिवाळी लागली. आज लहान मुलांबरोबर जोडी लावायची झाली की सर आधी तिलाच हाक मारतात, कारण तिचा हात थांबतो याची त्यांना खात्री आहे.

टोकियो ऑलिम्पिकमधली एक गोष्ट सर मुलांना नेहमी सांगतात. २०२१ साली तिथे कराटे पहिल्यांदाच खेळलं गेलं. ७५ किलोवरील पुरुषांच्या अंतिम सामन्यात सौदी अरेबियाचा तारेग हमीदी ४-१ असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्याला अशी लागली की तो बेशुद्ध पडला. रेफरींनी हमीदीला बाद केलं आणि सुवर्णपदक स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्या गंजजादेहला मिळालं. आवर घालता न आलेली लाथ एवढी महाग पडते. आमची मुलं ही गोष्ट दर वेळी नव्याने ऐकतात.

एक आजी मागे थेट हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या. "माझ्या नातवाक मी हय मार खावक धाडलंय काय?" त्यांना सरांनी खुर्ची दिली, पूर्ण तास बघा म्हणाले. त्यांनी पाहिलं. नातवाला एक पंच बसला, त्याने 'ओस' हा कराटेतला आदराचा शब्द म्हणून मान लववली आणि पुन्हा पवित्रा घेतला. रडला नाही, चिडला नाही. आजी उठल्या, पण जाताना एक बोलून गेल्या, "खाली कायतरी मऊ घाला रे." आजींचं बरोबर होतं. आम्ही ते वेळेवर ऐकायला हवं होतं.

ज्या जागेवर आज लादी आहे तिथे एके काळी कुस्तीचा लाल मातीचा हौदा होता. गिरणीची पाळी सुटली की कामगार तिथे उतरायचे. मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ राखली जाई, म्हणून त्यावर आपटलेला माणूस अंग झटकून उभा राहायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्याच बंद होत गेल्या, खेळणारे पांगले आणि हौदाही बुजला. आपल्या आजोबांना पडायला माती होती. नातवंडांना आपण लादी दिली आहे.

वर्गणीतून खेळाडू उभे करण्याची रीत तर आपल्या मातीतलीच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आमची मागणी फार लहान आहे.

हॉल तीस फूट बाय वीस फुटांचा आहे. त्यात एक मीटर बाय एक मीटरच्या ५४ मॅट बसतात. एकमेकांत अडकणाऱ्या, २५ मिलिमीटर जाडीच्या मॅटचा दर आम्हाला १,१०० रुपये सांगितला आहे, म्हणजे ५९,४०० रुपये. हेडगार्ड, छातीचा गार्ड, नडगीचे पॅड आणि हातमोजे मिळून एका संचाला २,८०० रुपये पडतात. लहान मापाचे आठ आणि मोठ्या मापाचे आठ असे १६ संच घेतले तर चार जोड्या खेळत असताना पुढच्या चार तयार होऊ शकतात. त्याचे ४४,८०० रुपये. एकूण १,०४,२०० रुपयांपैकी ३१,५०० जमले आहेत, त्यातला बराच वाटा पालकांनीच उचलला. ७२,७०० अजून हवेत. माऊथगार्ड एकाचा दुसऱ्याला वापरता येत नाही, तो ज्याचा त्याने घ्यायचा. ज्या घरांना तेही जड जातं त्यांचा खर्च व्यायामशाळा गुपचूप करते आणि पुढेही करेल.

एक मॅट ११०० रुपयांची आहे. एका घराला जमलं नाही तर मजल्याने मिळून एक द्यावी. शंभर रुपयेही चालतील. पावती घेतल्याशिवाय मात्र कुणालाही पैसे देऊ नका. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला फळ्यावर लागेल.

पैशांखेरीजही मदत हवी आहे. विभागातल्या एखाद्या डॉक्टरांनी वर्ग सुरू होण्याआधी सगळ्या मुलांना एकदा तपासावं. दम्याची, फिट येणारी मुलं आम्हाला आधी कळलीच पाहिजेत. डोक्याला मार बसला तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुन्हा जोडी नाही, हा नियम आम्ही भिंतीवर लिहितो आहोत. मुलींच्या वर्गाला एक तरी आई किंवा ताई हजर हवी, त्यासाठी आठवड्यातला एक तास देणाऱ्या महिलांनी नाव नोंदवावं. लहान झालेले कराटेचे ड्रेस कपाटात पडून असतील तर धुऊन आणून द्या.

पालकांना आणखी एक स्पष्ट सांगायला हवं. हा वर्ग केला म्हणजे मूल रस्त्यावर चार जणांना लोळवेल, असं समजू नका. रस्त्यावर कुणी अडवलं तर जोरात ओरडायचं, पळायचं आणि मोठ्या माणसाकडे जायचं, हेच आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. मुका मारही अधूनमधून बसेल. तो कमीत कमी बसावा म्हणूनच ही धडपड आहे.

देणगी सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत व्यायामशाळेच्या कार्यालयात स्वीकारली जाईल. मॅट आल्या की पहिली जोडी त्या मनगट मोडलेल्या मुलाची लागेल, तसं त्याला सांगून ठेवलं आहे. आधी वर्ग बघायचा असेल तर कोणत्याही शनिवारी या. चपला दाराबाहेर काढाव्या लागतील.

आपले,
व्यायामशाळेचे कार्यकर्ते